सेकंदांचं ऊन

सोहारला जूनमध्ये साडेबारा ते साडेतीन
उघड्यावर कामाला बंदी असते.
तेव्हा इस्माईल परकार येतो,
क्रेनवरून उतरून, डबा न उघडता,
म्हणतो, "वैजयंताबाई, द्या थोडं ऊन."

बाहेर सत्तेचाळीस. डांबर चपलेला धरून ठेवतंय.
तिथलं ऊन फुकट, भरमसाट,
आणि मी इथे नळ्यांच्या पेटीत
त्याला ते तोलून देते:
मंगळवारी अठ्ठेचाळीस सेकंद, आज बावन्न.
अगदी तेच नव्हे. सूप भरून किरण घेतले,
पाखडले, पाखडले,
शेवटी सुपात उरली ती एवढीशी कणी.

डाव्या हातावर, कोपरापासून खाली,
दूध उतू जाऊन वाळावं तसा डाग.
आपल्याकडे याला कोड म्हणतात.
लाडालाही कोडच म्हणतात.
एकाच शब्दात हे दोघं कसे राहिले असतील,
एका खोलीत, समोरासमोरच्या खाटांवर?

त्याच्या मुलीला बघायला आलेल्यांनी
चहा संपवून विचारलं होतं,
"वडलांचं ते... पुढे उतरतं का?"
तेव्हापासून दापोलीला फोन लावताना
तो उजव्याच हाताने फोन धरतो
आणि डावा खिशात ठेवतो.

मला हसू येत नाही.
माझ्या स्थळाच्या कागदावर मामाने
'सावळी' खोडून 'निमगोरी' लिहिलं होतं.
आमच्या काउंटरवरची थुरैया
बिननावाच्या डबीतलं मलम लावते रात्री,
सकाळी गाल सोललेल्या कैरीसारखे घेऊन येते.
तिला म्हटलं, अगं, हा काळा रंग म्हणजे मळ नाही.
कातडीच्या तळाशी कामगार बसलेत,
दिवसभर रंग कालवतात,
शेजारच्या पेशींना वाटून टाकतात,
आणि त्या पेशी तो रंग
आपल्या गाभ्यावर धरतात, छत्रीसारखा,
वरून येणाऱ्या उन्हाच्या बाजूला.
थुरैया म्हणाली, "छत्री गोरी नसते का?"

माझी सासू अजून सांगते,
माझे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत.
बरोबरच आहे तिचं. केसाच्या मुळाशी
तसलाच एक रंगारी असतो,
एक दिवस डबा-ब्रश ठेवून निघून जातो.
नोटीस नाही, हिशेब नाही.
खोलीतले बाकीचे त्याच्या खाटेकडे बघतात.
माझ्या भांगात असे चौघे गेले यंदा.

पण इस्माईलच्या डागात
मी भिंग घेऊन काळे केस शोधते.
केस पांढरा असेल तर तिथे फारसं मागत नाही मी.
काळा असला की समजते:
त्या बिळात अजून कोणीतरी राहतंय.
अकरा सापडले होते. वहीत लिहून ठेवलेत.

अठरा आठवडे काही नाही.
तो चष्मा लावून पेटीत उभा राहायचा,
मी आकडे लावायची, घरघर, टिंग, पुढचा.
आज एकोणिसावा.
भिंगाखाली पहिला केस, दुसरा,
आणि तिसऱ्याच्या बुडाशी
खसखशीएवढा तपकिरी ठिपका.
मी भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं.
ठिपका तिथेच.
बाळाला दृष्ट लागू नये म्हणून
आई लावते तशी तीट,
फक्त ही आतून आलेली.

"दिसतंय का काही?" तो.
"बघ," मी.
त्याने पाहिलं, आणि एवढंच म्हणाला,
"बारकं आहे."
मग फोन काढला. डाव्या हाताने.
खैरूनला दाखवायला हात इतका जवळ नेला
की पलीकडे नुसतं धूसर दिसलं असणार.
ती ओरडत होती, "लांब धरा, लांब!"

मग मला म्हणाला, आज साठ करा की सेकंद.
नाही म्हटलं. चारच वाढतात एका वेळी.
जास्त दिलं तर भाजतं, मग उगवलेलंही जाईल.
त्याने मान हलवली, बावन्न घेतले.

साडेतीनला साइटची गाडी लागली.
तो जिना उतरला, रस्त्यावर आला,
सोहारचं सगळं ऊन अंगावर
आणि डावी बाही कोपराच्या वर गुंडाळलेली,
जणू घड्याळ दाखवतोय कोणाला तरी.
मी खिडकी उघडून ओरडले,
"परकार! बाही! बाही खाली कर!"